काचेत नव्यानं उतरणाऱ्यांसाठी: एकोणिसाव्या दिवशीचा तडा

भट्टीतून बाहेर आला तेव्हा ठोकळा अगदी ठीक होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्या ‘ठीक होता’मुळेच झाला. तळहाताहून थोडा मोठा, उशीसारखा फुगीर. मधोमध ४० मिलिमीटर जाड आणि कडांना १२. धुरकट राखाडी फ्रिट (काचेचा चुरा), तळाशी पारदर्शक काचेचा एक थर. साचा फोडला, प्लास्टर धुऊन काढलं आणि उजेडात धरला. मधला जाड भाग जवळजवळ काळा, कडा पाण्यासारख्या फिकट. वाटलं, जमलं बुवा एकदाचं. आठ-दहा जणांना दाखवला, फोटो काढले. तळ थोडा डुगडुगत होता म्हणून अठराव्या दिवशी घासून सपाट केला. एकोणिसाव्या रात्री टेबलाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होते आणि मागून आवाज आला, नख मोडल्यासारखा. टिक्. वळून पाहिलं तर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ, दोन्ही टोकांना किंचित वळलेली. कुणी हातही लावला नव्हता.

तुम्ही काच कापली आहे, दोन थर फ्यूज केले आहेत, म्हणजे भट्टीत वितळवून जोडले आहेत, किल्न वॉश (काच फळीला चिकटू नये म्हणून लावायचा लेप) लावायला विसरून एखादी काच फळीला कायमची चिकटवलीही असेल, असं धरून चालते. त्यामुळे ‘काच म्हणजे काय’ इथपासून सुरुवात करत नाही. माझा मोठा भर एकाच गोष्टीवर आहे: काच थंड कशी करायची. बाकीचं जाता जाता येईल.

मुळात मला इतकी जाड काच हवी कशाला होती? स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा या चेक जोडप्यामुळे. तो चित्रकार, ती शिल्पकार. तो कागदावर काढायचा, ती त्याचा मातीत आकार करायची, मग तो आकार साच्यात काचेचा व्हायचा. त्यांच्या कामात बहुतेकदा एकच रंग असतो, तरी त्यात दहा छटा दिसतात, कारण रंग जाडीवर ठरतो. जिथे काच जाड तिथे उजेड अडतो, पातळ तिथे तो निसटून जातो. आत पोकळी कोरली की तीच उजळून पुढे येते. शिल्पाला आतून आकार देण्याची ही कल्पना मला वेड लावून गेली. त्यांच्या मोठ्या कामांना भट्टीत थंड व्हायला आठवडेच्या आठवडे लागायचे, हेही मी तेव्हा वाचलं होतं. वाचलं आणि पुढच्या पानावर गेले. आपण ज्याच्या प्रेमात पडतो त्याचं रूप तेवढं उचलतो, त्यामागचा वेळ उचलत नाही. निदान मी तरी तसंच केलं.

तर कार्यक्रम. म्हणजे भट्टीच्या कंट्रोलरमध्ये भरायचा प्रोग्रॅम. माझ्याकडे स्वतःचा नव्हता. एका ओळखीच्या मुलाकडून ‘जाड फ्यूज’ नावाचा घेतला. आयत्या पिठावर रेघोट्या. त्याचा प्रोग्रॅम त्याच्या कामासाठी बरोबरच होता. तो १२ मिलिमीटरच्या सपाट लाद्या करायचा. ४८२ अंश सेल्सिअसला २ तास थांबा, मग ताशी ५५ अंशांनी खाली. मी जरा शहाणपणा केला. माझी काच जाड आहे हे मला दिसत होतं, म्हणून थांबा २ तासांवरून ६ तास केला. एनीलिंग (काचेत ताण राहू नये म्हणून ती सावकाश थंड करणं) वाढवलं, आता काय होतंय, या समाधानात झोपले. खाली येण्याचा वेग मात्र तोच ठेवला, ताशी ५५.

खरी मेख इथे आहे, आणि इथे मी कंटाळा येईपर्यंत बोलणार आहे. सहन करा.

एनीलिंग म्हणजे तो थांबा, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. थांब्याचं काम दोन गोष्टींचं: ठोकळ्याचा गाभा आणि साल एका तापमानाला आणणं, आणि आधीचा काही ताण असेल तर तो सैल होऊ देणं. त्या तापमानाला काच घट्ट दिसते, पण आतून अजून हळूहळू सरकू शकते. सहा तासांनंतर माझा ठोकळा ताणमुक्त होता, यात शंका नाही. पण तो तेव्हा ४८२ अंशांवर होता. ताण त्यानंतर तयार झाला, खाली उतरताना.

उतरताना साल आधी थंड होते आणि गाभा मागे रेंगाळतो. जितकी काच जाड आणि जितकी घाई जास्त, तितका दोघांमधला फरक मोठा. काच अजून थोडी सरकू शकत असते तोवर हा फरक ती सामावून घेते. मग एका टप्प्यावर तिचं सरकणं थांबतं आणि ती जशी आहे तशी गोठते, साल थंड आणि गाभा गरम. पुढे दोघंही खोलीच्या तापमानाला येतात. पण गाभ्याला जास्त अंश उतरायचे असतात, म्हणजे त्याला जास्त आकसायचं असतं, आणि साल तर आधीच घट्ट झालेली. ती त्याला आकसू देत नाही. शेवटी गाभा आतून ओढत राहतो, साल बाहेरून दाबत राहते, आणि दोघांचं भांडण कायमचं काचेत बंद होतं.

हेच भांडण मुद्दाम, मोजूनमापून लावलं की त्याला टफन्ड ग्लास म्हणतात. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकून होणारा प्रिन्स रुपर्टचा थेंब तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. त्याच्या डोक्यावर हातोडा मारला तरी ते फुटत नाही आणि शेपूट मोडली की सगळ्याचा भुगा. तो या भांडणाचाच टोकाचा नमुना. माझा ठोकळा म्हणजे त्याचा आळशी चुलतभाऊ.

आता आकडे. बुल्सआय कंपनीच्या काचेसाठी त्यांचाच तक्ता आहे, आणि मी तीच काच वापरत होते. १२ मिलिमीटरच्या लादीला ४८२ अंशांवर २ तास, मग ४२७ अंशांपर्यंत ताशी ५५ अंश, त्याखाली आणखी वेगानं. २५ मिलिमीटरला ४ तास आणि ताशी १५. ३८ मिलिमीटरला ६ तास आणि ताशी ६.७. ५० मिलिमीटरला ८ तास आणि ताशी ३.८. नीट बघा काय चाललंय. जाडी दुप्पट झाली की थांबा दुप्पट होतो, पण उतरण्याचा वेग चौथ्या हिश्शावर येतो. थांब्याचा हिशेब सरळ आहे, वेगाचा वर्गाच्या पटीत. मी सरळ हिशेब केला आणि वर्गाचा सोडून दिला. थांबा धरून १२ मिलिमीटरची लादी एनीलिंगपासून खोलीच्या तापमानाला यायला साधारण ५ तास लागतात, ३८ मिलिमीटरची तीच वाट चालायला सुमारे २८. माझा ठोकळा थांब्यासकट साडेआठ तासांत खाली आला होता. आणि मी खूश, की भट्टी लवकर मोकळी झाली.

अजून एक. तो तक्ता एकसारख्या जाडीच्या सपाट लादीसाठी आहे, जी वरून आणि खालून सारखी थंड होते. माझा ठोकळा मधे ४० आणि कडेला १२, शिवाय खालून प्लास्टरच्या साच्यात बसलेला. साचा म्हणजे गोधडीच. त्या बाजूची उष्णता निघतच नाही. कडा झटकन थंड, पोट गरम. अशा वेळी सर्वांत जाड भागाच्या दीडपट-दुप्पट जाडीचा तक्ता धरायचा, असं मी आता करते. म्हणजे माझ्या ठोकळ्याला ७५ मिलिमीटरचा तक्ता हवा होता: १२ तास थांबा, मग ताशी १.७ अंश, एकूण जवळजवळ १०० तास. चार दिवस. साडेआठ तासांऐवजी चार दिवस!

आणि कंट्रोलरवर दिसणारा आकडा काचेचा नसतो हो, थर्मोकपलच्या (भट्टीतल्या तापमापकाच्या) टोकाशी असलेल्या हवेचा असतो. ही ओळ भिंतीवर चिकटवा.

धीर सुटला असेल तर एक सांगते. अमेरिकेत पालोमारच्या दुर्बिणीसाठी कॉर्निंगमध्ये २०० इंचांचा पायरेक्सचा आरसा ओतला, १९३४ साली. पहिल्या ओतकामात साच्यातले गाभे सुटून वर तरंगले. डिसेंबरमध्ये दुसरा ओतला, आणि तो थंड करायला सुमारे दहा महिने घेतले, दिवसाला एक अंशाहूनही कमी वेगानं. त्यापुढे आपले चार दिवस म्हणजे काहीच नाही. काचेचं शास्त्र कोळून प्यालेल्या लोकांचंही पहिलं ओतकाम वाया गेलं होतं, हेही लक्षात असू द्या.

मग तडा लगेच का गेला नाही? याचं उत्तर मला फार उशिरा कळलं. सालीतला दाब एक प्रकारे ठोकळ्याला सांभाळून धरत असतो. मी तळ घासला तेव्हा ती साल काढून टाकली आणि ओढाताण असलेला गाभा उघडा पाडला. वर घासताना बारीक ओरखडे पडले, ते वेगळेच. ताणाखालच्या ओरखड्यात हवेतली साधी ओलही शिरली की काचेतले बंध हळूहळू सुटत जातात आणि तडा दिसणार नाही इतक्या सावकाश पुढे सरकतो. एका हद्दीपर्यंत सावकाश, मग एकदम. टिक्. म्हणून सांगते, भट्टीतून अखंड बाहेर आली याचा अर्थ काच वाचली असा घेऊ नका. घासकाम झाल्यावर महिनाभर तरी कुणाला देऊ नका, विकू तर अजिबात नका.

आता माझी दुसरी चूक, जी पहिलीपेक्षा महाग पडली. मी काचेला दोष दिला. राखाडी फ्रिट आणि पारदर्शक काच एकमेकींशी जुळत नसणार, असं ठरवून टाकलं आणि चार महिने रंगांच्या चाचण्या करत बसले. पट्ट्या कापा, तुकडे चिकटवा, भट्टीत घाला. सगळ्या पट्ट्या चांगल्या निघाल्या. निघणारच, ४ मिलिमीटर जाड पट्ट्या त्या, कशाही थंड झाल्या असत्या. कुठे घोडं पेंड खातंय ते मला कळेना. तडा वाचायला शिकले असते तर हे चार महिने वाचले असते.

तडा वाचणं असं. तडा रंगाच्या हद्दीला धरून, दोन काचांच्या सीमेवरून वळसे घेत गेला असेल तर काचा जुळत नाहीत. कशाचीही पर्वा न करता आरपार गेला असेल आणि टोकाशी आकडीसारखा वळला असेल, तर थंड करण्यात चूक. तुकड्यांच्या कडा धारदार असतील तर काच उतरताना किंवा नंतर तडकली; कडा मऊ, गोलावलेल्या असतील तर ती चढतानाच तडकली होती आणि नंतर त्या तापात कडा वितळल्या, म्हणजे तापवण्याची घाई झाली. फक्त एवढं माहीत असतं तर पहिल्या रात्रीच माझं निदान झालं असतं. रेघ माझ्या राखाडी-पारदर्शक सीमेला काटकोनात कापून गेली होती! डोळ्यांसमोर होतं सगळं.

ज्यांनी ते मला दाखवलं त्या बाई फुंककाम करणाऱ्या, भट्टीच्या काचेशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. मी फुटलेला ठोकळा घेऊन गेले. त्यांनी लॅपटॉप उघडला, पडदा पूर्ण पांढरा केला, ठोकळा त्याच्यासमोर धरला आणि स्वतःचा पोलराइज्ड गॉगल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “यातून बघ. गॉगल फिरव हळूहळू.” लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड मुळातच एका दिशेनं कंप पावणारा असतो. गॉगल आडवा फिरवला की पडदा काळा होतो, आणि ताण असलेली काच त्या काळोखात उजळते. राखाडी भाग गडद होता, तिथे काही दिसलं नाही. पण तळाच्या पारदर्शक थरात, जिथे जाड पोट संपून कड सुरू होते तिथे, पांढरट ढग चमकत होते. ठोकळा फुटूनसुद्धा ताण शिल्लक होता.

“थंड किती वेळ केलास?” त्यांनी विचारलं.

“सहा तास थांबवला होता, बाई.”

“थांबवलास किती ते नाही विचारलं. उतरवलास किती वेळात?”

बस. चार महिन्यांचं उत्तर त्या एका प्रश्नात होतं. एक मर्यादा सांगते: गडद आणि अपारदर्शक काचेत ही युक्ती चालत नाही. तिथे तक्ता पाळण्याला पर्याय नाही.

गुरूंबद्दल माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. ज्यांच्या स्टुडिओत फुटक्या कामांची फळी नाही, त्यांच्याकडे फार काळ राहू नका. फक्त चकचकीत पूर्ण झालेली कामं दाखवणारा माणूस एकतर काहीतरी लपवतोय किंवा काही नवं करत नाही. मला पहिले जे शिक्षक मिळाले ते उत्तम कारागीर होते, पण का विचारलं की म्हणायचे, “असंच करतात.” त्यांच्याकडून हात शिकला, पण काच कळली नाही. तुम्हाला दोन्ही एकाच ठिकाणी मिळालं तर तुमचं नशीब थोर.

हॅरी नव्हे, हार्वी लिटलटन (मी वर्षभर नाव चुकीचं घेत होते) यांची गोष्ट यासाठीच आवडते. १९६२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो कला संग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये त्यांनी छोट्या भट्टीवर काच फुंकण्याची कार्यशाळा घेतली. स्टुडिओ ग्लास चळवळ तिथून सुरू झाली असं मानतात. तोवर काच म्हणजे कारखान्याचं काम. कलाकारानं चित्र काढून द्यायचं आणि कारागिरांनी फुंकायचं. एकट्या कलाकाराला स्वतःच्या जागेत हे करता येईल, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. आणि पहिली काच बिघडली. वितळलीच नाही धड. मग काचेचे संशोधक डॉमिनिक लॅबिनो यांनी काचतंतू बनवायच्या गोट्या आणून दिल्या, त्या भट्टीत टाकल्या आणि काम पुढे सरकलं. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फुंकणाऱ्यानं हात दाखवला. लिटलटन मुळात मातीकाम करणारे. म्हणजे त्या गॅरेजमध्ये जमलेल्या बहुतेकांना काच येत नव्हती.

याच लिटलटननी पुढे १९७२ मध्ये तंत्र स्वस्त असतं, असं म्हणून वाद ओढवून घेतला. मला ते वाक्य अर्धंच पटतं. त्यांच्या भोवती तंत्राचीच पूजा चालली होती, त्या लोकांना ते सुनावणं गरजेचं होतं. पण आज नवखी मुलं हेच वाक्य ढाल म्हणून वापरतात. कल्पना भारी आहे, तडा गेला तर तो ‘कल्पनेचा भाग’. अरे बाबांनो, तडा मुद्दाम पाडला असेल तर तो दुसऱ्यांदा तसाच पाडून दाखवा. दाखवता आला तर मी हात जोडते.

न जुळणाऱ्या काचांबद्दल थोडक्यात सांगते, कारण माझ्या बाबतीत तो दोष निघाला नाही, पण तुमच्या बाबतीत निघू शकतो. डब्यावर ९० किंवा ९६ असा आकडा असतो, प्रसरणाचा. ९० ची काच ९६ च्या काचेत मिसळू नका, हे सगळे सांगतात. दोन वेगळ्या उत्पादकांच्या काचांवर ९० लिहिलं असलं म्हणून त्या जुळतीलच असं नाही, हे कमी लोक सांगतात. तो आकडा कमी तापमानाच्या पट्ट्यात मोजलेला असतो. काच गोठते त्या पट्ट्यात तिचा चिकटपणा कसा वागतो हे त्यात येत नाही. खिडकीची काच आणि बाटल्या फुकट मिळतात म्हणून लोक त्यांवर तुटून पडतात. पडा, पण एका बाटलीत दुसरी बाटली मिसळू नका. जर्मन काचकलाकार क्लाउस मोए १९७९ साली अमेरिकेतल्या पिलचक काचशाळेत शिकवायला आले तेव्हा एकमेकींशी जुळणाऱ्या रंगीत काचांची अख्खी मालिका अशी मिळतच नव्हती. बुल्सआयवाल्यांनी ती बनवायला घेतली त्यामागे त्यांचा आग्रह होता. रंगीत पट्ट्या उभ्या कापून, वितळवून, पुन्हा कापून, पुन्हा वितळवून मोएंनी जी कामं केली, ती त्याशिवाय झालीच नसती. पुढे त्यांनी कॅनबेराला जाऊन काचेचा विभाग उभा केला. आज आपण डबा उघडून सात रंग एकत्र टाकतो तेव्हा त्यामागे कुणाची तरी भांडणं आहेत.

फुंककाम की भट्टीकाम, हा प्रश्न मला सारखा विचारतात. भट्टीकामानं सुरुवात करा. एकट्यानं करता येतं, चुकलं तर रात्रीतून कळतं (किंवा एकोणीस दिवसांनी). फुंकायची भट्टी ११०० अंशांच्या आसपास रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. ती स्वतःची असावी हे स्वप्न पहिल्या पाच वर्षांत बघू नका. दुसऱ्याच्या भट्टीवर तास भाड्यानं घ्या. तिथे पहिले कित्येक महिने तुमच्या हाती फुंकणी येणार नाही. दार उघडा, दार बंद करा, कुणाच्या तरी हातासमोर लाकडी ढाल धरा. अपमान वाटतो. मला वाटला होता. नंतर कळलं, दार उघडण्याची वेळ साधणं म्हणजेच काचेचा ताप डोळ्यानं ओळखणं.

शिवाय फुंकणी हातात नसली म्हणजे कलाकार नाही, असं कुणी म्हणालं तर अमेरिकन काचकलाकार डेल चिहुलींचं उदाहरण द्या. १९७६ च्या अपघातात त्यांचा डावा डोळा गेला, १९७९ मध्ये खांदा निखळला, आणि त्यानंतर त्यांनी मुख्य फुंकणाऱ्याची जागा दुसऱ्यांना दिली. पुढची प्रचंड कामं चमूनं केली. ब्रिटिश कलाकार ल्यूक जेरॅम स्वतः काच फुंकत नाहीत. २००४ पासून ते विषाणूंची काचशिल्पं करून घेतायत, पारदर्शक. विषाणू प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान, त्यांना रंग नसतोच. चित्रांमधले लाल-हिरवे रंग आपण चढवलेले. जेरॅम स्वतः रंगांध आहेत, आणि हा मुद्दा त्यांनाच सुचावा याचं मला नवल वाटत नाही. तरीही माझा आग्रह: निदान दोन वर्षं स्वतःचे हात भाजून घ्या. काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर काय मागायचं हे कळायला हवं.

प्रयोग म्हणजे काहीतरी विचित्र करणं नव्हे, हे मला टूट्स झिन्स्की यांच्या कामाकडे बघून उमगलं. बारीक काचेचे धागे, हजारो, एकमेकांवर पसरायचे, वितळवून एकसंध करायचे आणि गरम असतानाच दाबून-दुमडून वाडगा घडवायचा. रंगाच्या दृष्टीनं ते चित्र आहे, हाताच्या दृष्टीनं कापड, आणि आहे काच. एत्सुको इचिकावा तापलेली काच कागदावर फिरवून जळकी रेघ काढतात. शेवटी उरतो तो कागद. रुई सासाकी यांनी अंधारात उजळणारी काच वापरली, जी दिवसाचा उजेड साठवून ठेवते. केरन लामाँट यांचे ओतीव काचेचे पोशाख, आत माणूस नाही पण अंगाचा ठसा आहे. या सगळ्यांनी काचेचा एकेक स्वभाव पकडला आणि तिथेच वर्षानुवर्षं खणत राहिले. तुम्ही पहिल्या वर्षी आठ तंत्रं शिकू नका. एक धरा. जाडी, धागा, ठसा, उजेड, काहीही.

आणि धूळ. हे हसण्यावारी नेऊ नका. साच्याच्या मिश्रणात सिलिका असते, फ्रिट ओतताना काचेची धूळ उडते, जुना किल्न वॉश खरवडताना पांढरी भुकटी उठते. कापडी मास्क चालत नाही. बारीक कणांसाठीचा रेस्पिरेटर लागतो, चेहऱ्याला घट्ट बसणारा. कोरडं झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. सिलिकोसिसवर, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारावर, इलाज नाही. इतर चुकांना दुसरी संधी असते, म्हणून मी त्यांच्यावर विनोद करते, इथे नाही.

बाकी तुम्ही कराल त्या बहुतेक चुका फळीवर ठेवता येण्याजोग्या आहेत. थर कमी पडले आणि काच आत ओढली गेली? वितळलेली काच स्वतःहून ६ मिलिमीटरच्या आसपास जाड व्हायला बघते, म्हणून; पुढच्या वेळी थर वाढवा. पृष्ठभागावर पांढरट साय धरली? त्याला डिव्हिट म्हणतात; काच नीट धुतली नव्हती किंवा वरच्या तापात फार रेंगाळली. भट्टी मधेच उघडून डोकावलात? मीही डोकावले आहे. कुणी डोकावलं नाही असं म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. फक्त ५४० अंशांच्या खाली गेल्यावर हात बांधून ठेवा, काच घट्ट व्हायला लागलेली असते.

वही ठेवा, एवढा एक हट्ट. प्रोग्रॅमचं नाव नको, प्रत्येक टप्पा लिहा: कुठून कुठे, ताशी किती, थांबा किती, सर्वांत जाड भाग किती, सर्वांत पातळ किती, साच्याची भिंत किती. माझ्या त्या पानावर नुसतं ‘जाड फ्यूज, थांबा वाढवला’ एवढंच लिहिलं होतं. चार महिन्यांनी ते पान मला काय सांगणार?

नवा ठोकळा मी त्याच साच्याच्या आकारात पुन्हा केला, चार दिवसांच्या उतरणीनं. तळही घासला. तो अजून अखंड आहे. जुन्याचे दोन तुकडे फळीवर आहेत, वर चिकटपट्टी: ‘४० मिमी. १२ मिमीचा वेग. तळ घासला. १९ दिवस.’ मागच्या महिन्यात डावा तुकडा कुणी न शिवता पुन्हा तडकला. पट्टीवर तारीख वाढवली आणि दोन्ही तुकडे परत जिथे होते तिथे ठेवले.